बसणारी पिचर

"बाबा, मी पिचर झाले!" ठकीने दारातूनच ओरडून सांगितलं, आणि तपासनीसाच्या जिवात जीव आला.

तपासनीस म्हणजे ठकीचा बाप. एका विमा कंपनीत तो अपघाताचे दावे तपासायचा. अठरा वर्षं, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, त्याने एकच विषय वाचला होता, तो म्हणजे माणसाला काय काय होऊ शकतं. चालता चालता, अंघोळ करता करता, खुर्चीत बसल्या बसल्या, आणि एका प्रकरणात तर नुसती जांभई देताना. अशा माणसाच्या बारा वर्षांच्या मुलीने सॉफ्टबॉलच्या संघात नाव घातलं, तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. त्या चेंडूला सॉफ्ट म्हणणारा माणूस त्याला एकदा भेटायला हवा होता.

पण पिचर! पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. गोफण फिरवावी तसा हात खांद्यापासून गरकन फिरवायचा, कमरेजवळून चेंडू सोडून द्यायचा, आणि मग पुढचं काय ते बॅट घेतलेली मुलगी बघेल, नाहीतर तिच्या मागे बसलेली कॅचर बघेल. जे काही व्हायचं ते दुसऱ्यांच्या मुलींचं होईल. विचार काही फार उदार नव्हता, पण बापाच्या मनात येणारे सगळेच विचार उदार असतात असं कुठे आहे? त्या संध्याकाळी तो आपणहून आइस्क्रीम घेऊन आला.

हा आनंद शनिवारपर्यंत टिकला.

शनिवारी तो ठकीला सरावाहून आणायला जरा लवकरच गेला. मुली पाणी पीत होत्या, मैदान रिकामं होतं. पिचर जिथून चेंडू टाकते ती पांढरी पट्टी आणि बॅटवाली उभी राहते ती जागा, यांच्यामधलं अंतर त्याच्या डोळ्यांत खुपलं. कामाची सवय म्हणून त्याच्या खिशात मोजपट्टी असायचीच. त्याने ती काढली आणि ओणवा होऊन मोजायला लागला.

"काय हरवलं का?" कोचबाईंनी विचारलं. बाई उभ्या-आडव्या, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरज नसावी.

"बारा मीटर," तपासनीस म्हणाला. "एवढंच?"

"एवढंच."

"आणि समोरच्या मुलीने जोरात मारला तर?"

"तर येतो की! सगळ्यात आधी हिच्याकडेच येतो." कोचबाईंना विषय आवडीचा मिळाला. "लोकांना वाटतं, पिचरचं काम चेंडू टाकायचं. ते अर्धंच झालं. चेंडू हातातून सुटला की ती पिचर राहिली नाही, फिल्डर झाली. बॅटच्या पुढ्यातली पहिली फिल्डर. पाय पसरून उभं राहायचं, ग्लोव्ह छातीसमोर, नजर बॅटवर."

"तिला वेळ किती मिळतो?"

"अर्धा सेकंद धरा. कधी त्याहून कमी."

"अर्ध्या सेकंदात माणसाने करायचं काय?"

"पकडायचा. नाही पकडता आला तर अंगावर अडवायचा. पुढ्यात पडला की उचलायचा आणि पहिल्या बेसला फेकायचा. बॅटवाली तिथं पोचायच्या आत चेंडू पोचला की ती बाद. आणि कॅचरच्या हातून चेंडू निसटला, तिकडे तिसऱ्या बेसवर कोणी टपून असेल, तर ती रन काढायला निघणार, म्हणून पिचरने धावत जाऊन होम प्लेट, म्हणजे बॅटवालीच्या पुढ्यातली पाटी, राखायची. समोरून ती पोरगी येणार सुसाट, आणि आपली उभी!"

हे सांगताना बाईंचा चेहरा उजळला होता. तपासनीसाला मात्र 'अंगावर अडवायचा' याच्या पुढचं काही ऐकूच आलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायको दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकून तिचं मन घट्ट झालं होतं, निदान नवऱ्याची तशी समजूत होती.

"तोंडाला जाळीचा मुखवटा घालतात ना त्या मुली?" तिने विचारलं.

"घालतात."

"मग झालं तर."

"झालं काय? गुडघे? बरगड्या? बोटं?"

"ते माझ्या खात्यात येत नाही," बायको म्हणाली आणि वर्तमानपत्रात तोंड घालून बसली. एवढ्या थंड बाईशी आपलं लग्न कसं झालं, हा प्रश्न तपासनीसाला पंधरा वर्षांत पुन्हा एकदा पडला.

आता संघाचा एक फॉर्म होता आणि त्यावर पालकाची सही लागणार होती. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. तपासनीसाने तो चार दिवस वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही त्याने दोनदा वाचली. गुरुवारी संध्याकाळी बायको दवाखान्यात असताना त्याने ठकीला बाल्कनीत बोलावलं.

"सही करतो. पण एक अट आहे."

"बाबा!"

"ऐकून तर घे. बॅटचा टण्ण असा आवाज आला रे आला, की तू खाली बसायचं. गुडघे पोटाशी, मान खाली, ग्लोव्ह डोक्यावर. चेंडू वरून निघून जाईल."

"मग तो अडवणार कोण?"

"मागे एवढ्या मुली उभ्या असतात, त्या काय झोपा काढायला आल्यात?"

"बाबा, कोचबाई ओरडतील मला."

"त्यांना सांगायचंच कशाला?"

ठकीने त्याच्या हातातल्या फॉर्मकडे बघितलं. पेन टोपण काढून तयार होतं, पण कागदापासून चांगलं वीतभर लांब होतं. तिला पिचर व्हायचं होतं. गेल्या वर्षभर तिने खोलीच्या भिंतीवर चेंडू मारून मारून रंगाचे पोपडे काढले होते ते काही उगाच नव्हे. "बरं," ती म्हणाली, आणि सही झाली.

दुसऱ्या दिवसापासून घरातल्या बोळकांडीत शिकवणी सुरू झाली. ठकी बेडरूमच्या दारात उभी राहून हात फिरवायची आणि मोज्यांचा गोळा टाकायची. स्वयंपाकघराच्या दारात तपासनीस स्टीलचा डबा आणि मोठा डाव घेऊन उभा. गोळा सुटला की तो डब्यावर डाव हाणायचा, टण्ण! आणि ठकी मटकन खाली बसायची. पहिल्या दिवशी ती हसायची. दुसऱ्या दिवशी कंटाळली. दुसऱ्या आठवड्यात तिला विचारच करावा लागेना. पोरांना पाढे शिकवायला वर्ष लागतं, पण नको ते शिकवायला पंधरा दिवस पुरतात.

"या डब्याला एवढे पोचे कशाने पडले?" बायकोने एकदा विचारलं.

"जुना झालाय," तपासनीस म्हणाला.

हळूहळू लक्षणं दिसायला लागली. ओट्यावरून झाकण पडलं की ठकी टेबलाखाली. शेजारी कोणी लोखंडी फाटक आपटलं की ठकी जिन्यात बसलेली. एकदा पाहुण्यांसमोर आईने चमचा पाडला, आणि हातात सूपचा वाडगा घेऊन आलेली ठकी जागच्या जागी बसली. सूप मात्र बसलं नाही, ते पाहुण्यांकडे गेलं. शाळेत तर रोज आठ वेळा घंटा व्हायची. तास संपला की सगळा वर्ग उठून उभा राहायचा आणि ठकी दिसेनाशी व्हायची. शेवटी वर्गशिक्षिकेने डायरीत लिहून पाठवलं, 'घंटा होताच विद्यार्थिनी बाकाखाली जाते. पालकांनी लक्ष घालावे.' तपासनीसाने खाली मुकाट्याने सही केली. त्याने लक्ष घातलं होतं म्हणून तर हे सगळं झालं होतं.

कोचबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नव्या पिचरला एकदम बॅटसमोर उभं करायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पहिला महिनाभर त्या स्वतः चेंडू हाताने घरंगळत सोडायच्या आणि ठकी तो टिपून पहिल्या बेसला फेकायची, तेही झकास. तिथे टण्ण नव्हतं, त्यामुळे बसणंही नव्हतं. बाई एवढी काळजी घेतात हे तपासनीसाला कळलं असतं तर कदाचित पुढचं रामायण टळलं असतं. पण भ्यालेला माणूस मोजतो फार आणि विचारतो कमी.

मग पहिली मॅच आली.

पहिल्या बॅटवालीला ठकीने तीन चेंडूंत घरी पाठवलं. चेंडू बॅटला लागलाच नाही. तपासनीस बाकावर ताठ बसून होता, शेजारी बायको. दुसरी मुलगी आली, लहानखुरी, बॅट तिच्याहून मोठी. तिने बॅट कशीबशी लावली. टण्ण. चेंडू ठकीच्या दिशेने असा रमतगमत आला की आजोबांनी काठीने अडवला असता. ठकी खाली बसली. चेंडू तिच्या शेजारून गेला.

"पाय घसरला वाटतं," बायको म्हणाली.

"हो ना," तपासनीस म्हणाला. खोटं कशाला सांगा, त्याला मनातून समाधान वाटलं होतं.

तिसरी आली, टण्ण, ठकी बसली. चौथी आली, टण्ण, ठकी बसली. पाचवीच्या वेळी समोरच्या संघाचा कोच उघड उघड ओरडायला लागला, "मधून मारा गं! मधलं दार सताड उघडं आहे!" मग काय, सगळ्या मधूनच मारायला लागल्या. ठकी बसायची, उठायची, हात फिरवायची, चेंडू टाकायची आणि पुन्हा बसायची. मागच्या मुली धावून धावून लालबुंद झाल्या. नऊ रन झाले. दहाव्याच्या वेळी चेंडू जमिनीवर आपटून उडाला आणि गुडघ्यात मान घालून बसलेल्या ठकीच्या खांद्यावर धप्पकन बसला.

तपासनीस ओरडत मैदानात घुसला. त्याच्या आधी कोचबाई पोचल्या होत्या. खांदा फक्त लाल झाला होता.

"मी वीस वर्षं पिचर बघतेय," कोचबाई म्हणाल्या. "रडणाऱ्या बघितल्या, चिडणाऱ्या बघितल्या. बसणारी पिचर आजच बघितली. काय गं, गुडघ्यांना काय झालंय?"

ठकीने बापाकडे बघितलं. बापाने स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

"कळ येते," ठकी म्हणाली.

कोचबाईंनी तिला पाणी प्यायला पाठवलं आणि तपासनीसाकडे वळल्या. "गुडघे दाखवून घ्या डॉक्टरला. पुढच्या रविवारी पुन्हा मॅच आहे. उभी राहिली तर पिचर तीच. बसली, तर मग बाकावरच बसेल, मी दुसरी बघेन. मला पोरगी हवीय हो, हात सोन्याचा आहे तिचा. पण बसलेली पोरगी डोळे मिटते, आणि डोळे मिटलेल्या पोरीलाच लागतं. बघणारीला सहसा नाही लागत."

तपासनीस ठकीला आणि बायकोला गाडीत घालून घरी निघाला. बाईंचं वाक्य त्याला नवीन नव्हतं. त्याच्या टेबलावरच्या निम्म्या फायलींत तेच लिहिलेलं असायचं, 'माझं लक्ष नव्हतं', 'मी पाहिलंच नाही', 'मी डोळे मिटून घेतले'. अठरा वर्षं हे वाचून त्याने आपल्या पोरीला काय शिकवलं होतं? भर रस्त्यात उकिडवं बसून डोळे मिटायला!

घरी आल्यावर बायकोने ठकीचे गुडघे दाबून बघितले. "इथं दुखतं? इथं?"

"कुठंच दुखत नाही!" ठकीचा बांध फुटला. "मला काही झालेलं नाही. मला भीतीपण वाटत नव्हती. बाबाने शिकवली. आता टण्ण झालं की माझे पायच ऐकत नाहीत, आणि माझं पिचरपण जाणार!" एवढं बोलून ती खोलीत गेली. दार तिने आपटलं, आणि आतून धप्प असा बसल्याचा आवाज आला.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. मग स्टीलच्या डब्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं.

"बिघडवलंस तू," ती म्हणाली. "आता दुरुस्तही तूच करायचं."

"पण मला बॅट कुठे..."

"शीक."

तेव्हापासून रोज सकाळी सहाला वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत उलटी शिकवणी सुरू झाली. ठकीपुढे आदल्या रविवारचा खांदा होता आणि पुढच्या रविवारचा बाक, त्यामुळे तिने दात-ओठ खाऊन मनावर घेतलं. सोमवारी तपासनीस नुसता डबा वाजवायचा आणि तिने उभं राहायचं. ती चौदा वेळा बसली. मंगळवारी सहा वेळा. बुधवारी तो डबा वाजवून मोज्यांचा गोळा फेकायला लागला आणि तिने तो पकडला. बापलेक दोघंही मोज्यांच्या गोळ्याकडे लॉटरी लागल्यासारखे बघत राहिले.

गुरुवारी मात्र ठकी म्हणाली, "आता खरा चेंडू. खरी बॅट."

"उद्या."

"बाबा, रविवार कधी आहे?"

तपासनीसाने बॅट हातात घेतली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर त्याने माणसांना लागलेल्या वस्तूंचा हिशेब लिहिला होता. स्वतःच्या पोटच्या पोरीच्या दिशेने दगडासारखा चेंडू मारायचा, आणि तोही चांगला नेम धरून! पहिले नऊ वार हवेत गेले. दहाव्याला बॅट लागली, पण इतक्या हळू की चेंडू अर्ध्या वाटेत थांबला.

"जोरात मार ना!" ठकी ओरडली. मुखवट्याच्या जाळीतून तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते चांगले उघडे होते.

तपासनीसाने मात्र आपले डोळे गच्च मिटले आणि जोरात बॅट फिरवली. टण्ण! पाठोपाठ खळ्ळ असा आवाज आला. ठकी उभी होती. वसाहतीच्या कडेला लावलेल्या त्याच्या स्वतःच्या गाडीची पुढची काच मात्र उभी नव्हती.

"बाबा, मी बसले नाही!" ठकी नाचायला लागली. "एवढे दोन आवाज झाले, तरी बसले नाही!"

त्या दिवशी ऑफिसात साहेबांनी त्याचा दावा स्वतः हातात घेतला. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं कामात असल्याचं दाखवत कान टवकारून बसली.

"काच कशाने फुटली?"

"चेंडूने."

"कुणी मारला?"

"मी."

"गाडीवर?"

"नाही, गाडीवर कशाला मारीन? मुलीवर मारला होता. तो चुकून गाडीवर गेला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही चार दिवस रजा घ्या," ते मऊ आवाजात म्हणाले. तपासनीसाने शुक्रवारपासून रजा घेतली आणि त्या दिवशी सत्तर चेंडू मारले, शनिवारी शंभर. डोळे उघडे ठेवून.

रविवारी सकाळी मैदानाभोवती माणसं जमली होती. हरणारा संघ घरी जाणार होता, जिंकणारा त्याच दिवशी फायनल खेळणार होता. तपासनीस आणि त्याची बायको जाळीमागच्या पहिल्या बाकावर बसले. बायकोने बसण्याआधीच बजावलं होतं, "तोंडातून एक शब्द नको. उठायचं नाही, ओरडायचं नाही." ती स्वतः पर्स मांडीवर घेऊन एखाद्या पेशंटची वाट बघावी तशी शांत बसली होती.

दुसऱ्या डावात पहिला टण्ण झाला. ठकी थरथरली, तिचे गुडघे किंचित वाकले, आणि तिथेच थांबले. चेंडू तिच्या डावीकडे आला. तिने तो ग्लोव्हने थोपवला, उचलला आणि पहिल्या बेसला फेकला. बाद! कोचबाईंनी शिट्टी वाजवली. खरं तर ती वाजवायचा हक्क त्यांना नव्हता, अंपायरने डोळे वटारले.

मग खेळ चांगलाच अटीतटीचा झाला. सातव्या, म्हणजे शेवटच्या डावात ठकीचा संघ एका रनने पुढे होता. समोरच्यांच्या दोघी बाद झाल्या होत्या, एक तिसऱ्या बेसवर येऊन टपली होती. आणि बॅट घेऊन आली ती त्यांची सगळ्यात उंच मुलगी. तिच्याच मैत्रिणी तिला खांब म्हणत होत्या.

ठकीचा पहिला चेंडू वाकडा गेला आणि कॅचरच्या हातून निसटला. तिसऱ्या बेसवरची मुलगी निघाली. ठकीही निघाली. सुसाट येणारी ती पोरगी आणि होम प्लेटकडे धावणारी आपली ठकी, दोघींमधलं अंतर तपासनीसाने नजरेनेच मोजलं. ठकी आधी पोचली आणि प्लेटवर पाय पसरून उभी राहिली. कॅचरने चेंडू तिच्याकडे फेकला. ती पोरगी अर्ध्या वाटेतून मागे फिरली.

"आता मी मरणार," तपासनीस पुटपुटला.

"मर, पण गप्प मर," बायको म्हणाली. तिचा आवाज जरा घोगरा लागला, पण त्याकडे लक्ष द्यायला त्याला सवड नव्हती.

ठकी पुन्हा पट्टीवर गेली. हात फिरला, चेंडू सुटला. खांबाने बॅट मागून पुढे आणली.

टण्ण!

असा टण्ण त्या सकाळी झालाच नव्हता. आणि त्या क्षणी भर गर्दीत एकच माणूस खाली बसला. गुडघे पोटाशी, मान खाली, दोन्ही हात डोक्यावर. तीन आठवडे डबा वाजवणाऱ्यावर त्या डब्याचा परिणाम झालाच नसेल, असं कसं होईल? तपासनीसाला फक्त धप्प असा एक आवाज ऐकू आला, अंगावर काहीतरी बसल्याचा. मग ओरडा. मग आणखी मोठा ओरडा. तो बाकाखालची माती बघत राहिला. वर बघायचं त्याला धैर्य होईना. देवा, त्याने मनात म्हटलं, मी तिला परत कधी काही शिकवणार नाही.

शेवटी त्याने एक डोळा उघडला आणि मान वळवून बायकोकडे बघितलं. तीही काही बघत नव्हती. तिचे डोळे गच्च मिटलेले होते, ओठ पांढरे पडले होते, आणि पर्समधून काढलेली एक छोटी स्टीलची बाटली तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"बघितलंत? बघितलंत ना?" ठकी धावत जाळीपाशी आली. मुखवटा डोक्यावर सरकवलेला, चेहरा धुळीने माखलेला, आणि हसू कानापर्यंत. "जिंकलो!"

"बघितलं तर!" दोघंही एकदम म्हणाले.

"कसा आला होता ना!"

"वरून," आई म्हणाली.

"खालून," बाबा म्हणाला.

ठकीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मांडीवर आला सरळ! पकडता नाही आला, मग मांडीनेच अडवला. पुढ्यात पडला, उचलला, पहिल्या बेसला फेकला. बाद!" तिने पँटवरून मांडीचा एक भाग अभिमानाने दाखवला. "इथं निळं होणार बघ. कोचबाई म्हणाल्या, मस्त निळं होणार."

गेले दोन महिने तपासनीस ज्याला घाबरत होता ते अखेर झालं होतं. चेंडू त्याच्या मुलीला लागला होता, चांगला सणसणीत लागला होता, आणि ती मुलगी त्याच्यासमोर उड्या मारत होती. त्याला एकदम भरून आलं.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय की!" ठकी आनंदाने म्हणाली. "बाबा, तुझ्या गुडघ्यांना माती कशाची?" उत्तराची वाट न बघता तिने आईच्या हातातली बाटली खेचून घेतली. "पाणी आहे ना?" तोंडाला लावली आणि घटाघटा रिकामी केली. "शी, दूध! मॅचला कोणी दूध आणतं का? चला, मी जाते, अर्ध्या तासात फायनल आहे." आणि ती गेली.

तपासनीसाने रिकाम्या बाटलीकडे बघितलं, मग बायकोकडे. ती दुसरीकडेच बघत होती.

"दूध कशाला होतं?"

"कशाला म्हणजे? असंच."

"सांग ना."

"पडलेला दात दुधात ठेवला तर परत बसवता येतो," बायको एका दमात म्हणाली. "तासाभरात. दुधात ठेवला तर."

"अगं, पण तिच्या तोंडाला जाळी आहे," तपासनीस म्हणाला. आपण कुणाची तरी समजूत घालतोय असं त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे त्याला जरा चाचरायला झालं. "जाळीतून दात कसा पडेल?"

"ते मला नको सांगू. मागच्या मॅचलाही आणलं होतं. रोज सरावालाही देते तिच्या दप्तरात, वेगळ्या बाटलीत, औषध आहे, उघडू नकोस म्हणून." तिचा आवाज आता खरंच कापत होता. "फायनलला अर्धा तास आहे आणि बाटली रिकामी."

तपासनीस उठला. त्याने गुडघे झटकले, बाटली हातात घेतली आणि मैदानाबाहेरच्या दुकानांकडे बघितलं. एवढी वर्षं एकट्याने घाबरून घाबरून तो दमून गेला होता, आता त्याला एकदम हलकं वाटायला लागलं.

"किती आणू?" त्याने विचारलं.

बायकोने मनात हिशेब केला. "दात अठ्ठावीस आहेत तिला," ती म्हणाली. "एक लिटर आण."